संकलनापासून दौऱ्यापर्यंत: एखादा रॉक बँड कसा ऐकावा

चाळीस-पन्नास वर्षे वाजवत आलेल्या एखाद्या रॉक बँडकडे नवा श्रोता वळतो, तेव्हा त्याच्यासमोर पंधरा-वीस स्टुडिओ अल्बम, जवळपास तितकीच संकलने, काही लाइव्ह ध्वनिमुद्रणे आणि त्याच अल्बमांच्या तीन-चार सुधारित आवृत्त्या एकदम उभ्या राहतात. बहुतेक जण यातली सर्वांत सोपी वाट धरतात: गाजलेल्या गाण्यांचे एक संकलन लावतात आणि बँड कळला असे समजून पुढच्या बँडकडे जातात. मीही अनेक वर्षे हेच केले, आणि संकलनाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या जुन्या चाहत्यांशी मी आजही सहमत नाही. संकलनापासून सुरुवात करण्यात काही गैर नाही. मात्र ते ऐकताना त्यात कोणती गाणी नाहीत आणि ती का नाहीत, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. हीच सवय पुढे अल्बम निवडताना आणि दौऱ्याचे तिकीट काढतानाही उपयोगी पडते, कारण मैफलीतील गाण्यांची यादी, म्हणजे सेटलिस्ट, हेही एक संकलनच असते. फक्त ते बँडने स्वतः आणि त्या दौऱ्यापुरते केलेले असते.

संकलनाचे वर्ष आणि त्याचा मालक

संकलन हाती आले की प्रथम त्याचे वर्ष पाहावे. ईगल्सचे 1971 ते 1975 या काळातील गाण्यांचे संकलन फेब्रुवारी 1976 मध्ये निघाले आणि 2018 मध्ये अमेरिकेत त्याला 38 पट प्लॅटिनमचे (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती) प्रमाणपत्र मिळाले. इतक्या प्रचंड खपाच्या या संकलनात बँडचे सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही, कारण त्या नावाचा अल्बमच मुळी डिसेंबर 1976 मध्ये आला. ज्याने फक्त हे संकलन ऐकले, त्याला ईगल्स हा कंट्री या अमेरिकी ग्रामीण संगीताच्या अंगाने जाणारा, मृदू चालींचा बँड वाटेल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याच्या हातातला नकाशाच मुळात अर्ध्या प्रवासात काढलेला आहे.

वर्षानंतर पाहायचे ते हक्क कोणाकडे आहेत हे. रोलिंग स्टोन्सचे ‘हॉट रॉक्स’ हे संकलन डिसेंबर 1971 मध्ये त्यांचे माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या कंपनीने काढले, कारण बँडच्या साठच्या दशकातील ध्वनिमुद्रणांचे हक्क त्या कंपनीकडे गेले होते. त्यामुळे पुढे बँडने स्वतः काढलेल्या 1993 च्या ‘जंप बॅक’सारख्या संकलनांची सुरुवात 1971 पासूनच होते आणि त्याआधीची गाणी त्यांत सापडत नाहीत. दोन्ही काळ एकत्र आणणारे ‘फॉर्टी लिक्स’ येण्यास 2002 हे वर्ष उजाडावे लागले. हा व्यवहार ठाऊक नसलेला श्रोता एखादे गाणे संकलनात नाही म्हणजे ते दुय्यम असावे, असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात ते गाणे दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असते.

कधीकधी गाणे असते, पण ते आपल्याला ठाऊक असलेले नसते. पिंक फ्लॉइडच्या 1981 च्या संकलनासाठी ‘मनी’ या गाण्याची परवानगी आधीच्या कंपनीने दिली नाही, तेव्हा बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि सॅक्सोफोन वगळता बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवली. याच बँडच्या 2001 च्या ‘एकोज’ या संकलनात गाणी कालक्रमाने नाहीत, ती एकमेकांत मिसळून येतात, आणि ज्या गाण्यावरून संकलनाला नाव दिले, ते तब्बल साडेतेवीस मिनिटांचे गाणे कापून साडेसोळा मिनिटांवर आणले आहे. मला हे संकलन आवडते, पण त्या गाण्याची ओळख तिथे करून घेऊ नये.

मेटॅलिकाने गाजलेल्या गाण्यांचे असे अधिकृत संकलन आजवर काढलेलेच नाही. तिथे थेट अल्बमपासून सुरुवात करावी लागते, आणि ते एका परीने बरेच आहे.

पहिला अल्बम कोणता निवडावा

संकलन दोन-तीनदा ऐकून झाले की आवडलेल्या गाण्यांपुढे ती कोणत्या अल्बमातून घेतली आहेत, ते लिहावे. ज्या अल्बमचे नाव दोनदा आले, तिथून सुरुवात करावी. बँडच्या पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकण्याचा निश्चय अनेक जण करतात आणि तिसऱ्या अल्बमवर दमतात. त्यापेक्षा मध्यावर उडी घेऊन मग एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे जाणे सोयीचे, कारण मागच्या अल्बममध्ये त्या आवाजाची घडण दिसते आणि पुढच्यात बँड त्याला कंटाळला की त्यातच रमला, हे कळते.

अल्बम ऐकताना गाण्यांचा क्रम मोडू नये. 1948 मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या दर्जाने बसत असे, आणि सत्तरच्या दशकातील रॉक अल्बमांची रचना या मर्यादेतूनच घडली आहे. पहिल्या बाजूचा शेवट, तबकडी उलटताना पडणारा खंड आणि दुसऱ्या बाजूची नव्याने होणारी सुरुवात या तिन्हींचा विचार करून गाणी मांडलेली असत. म्हणून जुना अल्बम स्ट्रीमिंगवर ऐकतानाही पहिली बाजू कुठे संपत होती ते शोधून तिथे दोन मिनिटे थांबावे. हा उपाय बालिश वाटेल, पण ज्या अल्बमचा उत्तरार्ध मला वर्षानुवर्षे रटाळ वाटत होता, तो असे थांबल्यावर प्रथमच नीट ऐकू आला. त्याचप्रमाणे ‘डिलक्स’ आवृत्तीत मूळ अल्बम संपल्यावर येणारी कच्ची ध्वनिमुद्रणे आणि लाइव्ह गाणी त्याच बैठकीत ऐकू नयेत. अल्बम जिथे संपायला हवा तिथे संपला, तरच त्याच्या शेवटच्या गाण्याचा परिणाम राहतो.

स्टुडिओ अल्बम हा नेहमीच एका दमात घडलेला असतो असेही नाही. लेड झेपेलिनच्या 1975 च्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या दुहेरी अल्बममधील पंधरा गाण्यांपैकी आठ नवी होती आणि सात आधीच्या अल्बमांच्या वेळी बाजूला राहिलेली. तरीही त्याला कोणी संकलन म्हणत नाही, कारण निवड आणि मांडणी बँडची होती.

अल्बमांबाहेर राहिलेली गाणी

केवळ अल्बम ऐकण्याचा हट्ट धरणाऱ्यांचे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या लहान तबकडीवर, आलेली गाणी अल्बममध्ये न घेण्याची पद्धत रूढ होती. त्यामुळे बीटल्सचे ‘हे ज्यूड’ त्यांच्या कोणत्याही ब्रिटिश स्टुडिओ अल्बममध्ये सापडत नाही आणि अशा गाण्यांसाठी 1988 मध्ये आलेले ‘पास्ट मास्टर्स’ घ्यावेच लागते. ओएसिसने तर नव्वदच्या दशकात आपली काही उत्कृष्ट गाणी सिंगलच्या मागच्या बाजूवर खर्ची घातली आणि ती 1998 मध्ये ‘द मास्टरप्लॅन’ या संकलनात एकत्र केली. बँड निवडताना अशा मागच्या बाजूंचे संकलन आहे का, हे जरूर पाहावे, कारण त्यात आधीच माहीत असलेल्या गाण्याची पुनरावृत्ती नसते.

रीमास्टर, रीमिक्स आणि नव्याने वाजवलेले

एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसल्या की हे तीन शब्द वेगळे ओळखावेत. रीमास्टरमध्ये तयार मिश्रण तेच राहते आणि त्याचा एकूण समतोल व पातळी बदलली जाते. रीमिक्समध्ये मूळ ट्रॅक सुटे करून वाद्ये आणि आवाज नव्याने जुळवले जातात. आणि तिसऱ्या प्रकारात काही भाग चक्क पुन्हा वाजवला जातो. ब्लॅक सॅबथ या बँडचे गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या 2002 च्या आवृत्तींत बास आणि ड्रम दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. चाहत्यांचा रोष मोठा होता आणि 2011 मध्ये मूळ वादन परत आले. वापरलेली सीडी घेताना म्हणूनच वेष्टनावरील लहान अक्षरांतले वर्ष वाचावे. मी ते वाचले नव्हते.

रीमास्टर नेहमीच सुधारणा असते असे मानू नये. पातळी सतत वर ठेवण्याच्या स्पर्धेत हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर नाहीसे होते आणि कान लवकर थकतात. मेटॅलिकाच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’बाबत हे इतके जाणवले की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधील आवृत्ती अधिक मोकळी वाटते, असे चाहत्यांनीच दाखवून दिले. दोन आवृत्त्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावावा, एरवी जी मोठी ऐकू येते तीच चांगली वाटते.

दौऱ्याची तयारी

दौरा जाहीर झाला की तिकिटाआधी तो कोणत्या प्रकारचा आहे, ते समजून घ्यावे. नव्या अल्बमच्या प्रसारासाठी निघालेल्या दौऱ्यात जुनी गाणी ऐकायला गेलेल्याची निराशा होऊ शकते: आयर्न मेडनने 2006 मध्ये त्या वर्षीचा नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला होता. याच बँडने 2025 मध्ये सुरू केलेल्या पन्नाशीच्या दौऱ्यात मात्र केवळ पहिल्या नऊ अल्बमांमधील गाणी घेतली. रशने 2015 च्या दौऱ्यात गाणी उलट्या कालक्रमाने वाजवली, नव्यापासून आरंभाकडे. संकलनाची इतकी सुंदर कल्पना कोणत्याही रेकॉर्ड कंपनीला सुचलेली मला ठाऊक नाही.

दौऱ्याच्या पहिल्या दोन-तीन मैफलींनंतर सेटलिस्ट सर्वत्र उपलब्ध होते. ती आधी पाहावी की नाही, यावर चाहत्यांत कायमचे मतभेद आहेत. माझे मत असे की गाणी कोणत्या अल्बमांमधील आहेत एवढे पाहावे आणि क्रम पाहू नये. काही बँड दौराभर यादी जवळपास तीच ठेवतात, तर मेटॅलिकाने 2023 पासूनच्या दौऱ्यात अनेक शहरांत दोन रात्री वाजवून दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचे एकही गाणे न घेण्याचा नियम पाळला. अशा वेळी एकाच रात्रीचे तिकीट काढणाऱ्याने आपले लाडके गाणे हुकण्याची तयारी ठेवावी.

ओएसिसच्या 2025 च्या पुनर्मीलन दौऱ्यात दुसरेच गाणे ‘ॲक्विएस’ होते, जे 1995 मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूवर आले होते. फक्त अल्बम ऐकून आलेल्या श्रोत्याला आजूबाजूची हजारो माणसे न ऐकलेले गाणे तोंडपाठ म्हणताना पाहावी लागली असतील. म्हणून मैफलीपूर्वीच्या महिन्यात नवा अल्बम, सेटलिस्टमध्ये वरचेवर येणारे दोन जुने अल्बम, मागच्या बाजूंचे संकलन आणि एक लाइव्ह अल्बम इतके ऐकून ठेवावे. लाइव्ह अल्बम यासाठी की रंगमंचावर गाण्याचा आकार बदलतो: डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’मध्ये, ज्याचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियो येथील तीन मैफलींत झाले, ‘स्पेस ट्रकिन’ हे स्टुडिओतील साडेचार मिनिटांचे गाणे जवळपास वीस मिनिटे चालते. अर्थात अनेक लाइव्ह अल्बमांवर नंतर स्टुडिओत हात फिरवलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे.

कानांची काळजी घेण्यास लाजू नये. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाज आठ तास सुरक्षित मानला जातो आणि दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. रॉक मैफल ही पातळी सहज ओलांडते आणि दोन तास चालते. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सर्व स्वर साधारण सारख्याच प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे शब्द आणि गिटार स्पष्ट राहतात. स्वस्त फोमचे प्लग उंच स्वर अधिक दाबतात, पण काहीच नसण्यापेक्षा तेही बरे.

उरतो प्रश्न ‘अखेरच्या दौऱ्या’चा, ज्याच्या नावाने तिकिटे महाग विकली जातात. मोटली क्रू या बँडने 2014 मध्ये पुन्हा कधीही दौरा न करण्याचा करार जाहीरपणे केला, 2015 च्या अखेरच्या रात्री निरोप घेतला आणि 2022 मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. त्यामुळे जाहिरातीतील ‘अखेरचा’ या शब्दावर तिकिटाचा निर्णय घेऊ नये. वादकांचे वय आणि प्रकृती पाहून घ्यावा. ब्लॅक सॅबथच्या मूळ चार सदस्यांची मैफल 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅममध्ये झाली. ऑझी ऑस्बॉर्न त्या दिवशी सिंहासनावर बसून गायले, आणि सतरा दिवसांनी ते गेले.