बाहेर गार वारं आणि वरच्या मजल्यावर भट्टी: घरातली गरम हवा बाहेर कशी काढायची

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी पारा ३७-३८ पर्यंत जातोय पण रात्री तोच २२-२३ वर येतोय. संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की रंकाळ्यावर उन्हाळा जाणवत पण नाही आणि घरी येऊन वरची बेडरूम उघडली की तोंडावर गरम झळ. म्हणजे गारवा विकत घ्यायची गरजच नाही, तो खिडकीबाहेर फुकट आहे, आतली गरम हवा जागा सोडत नाही एवढीच अडचण आहे. लोक हे न बघता डायरेक्ट एसीच्या हप्त्यावर जातात, मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या गावच्या हवेत निम्म्याहून जास्त रात्री त्याच्याशिवाय आरामात निघतात.

आधी गरम हवा बसते कुठं ते बघा. स्लॅब दिवसभर तापतोय आणि सूर्य मावळल्यावर पण कितीतरी तास ती उष्णता खाली सोडत राहतोय. गरम हवा हलकी, ती वर जाऊन स्लॅबला चिकटते. आपल्या खिडकीची वरची कड साधारण ७ फुटांवर आणि स्लॅब १० फुटांवर, मधल्या ३ फुटांतली हवा खिडकी सताड उघडी ठेवली तरी तिथंच. खुर्चीवर उभं राहून हात वर करा, फरक हाताला कळतोय. पेठांमधल्या जुन्या कौलारू घरांत हे होत नाही, कौलांच्या फटीतनं ती हवा आपली आपण निघून जाते. स्लॅबच्या घरात तो रस्ता आपल्याला करून द्यावा लागतो.

थंड देशांत याच्या उलट गंमत असते. तिथं लाकडाच्या भुश्याच्या गोळ्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह एका खोलीत असतोय, ती खोली गरम आणि बाकी घर गारठलेलं. तिथले जाणकार गरम हवा ढकलत बसत नाहीत, लांबच्या गार खोलीत जमिनीवर छोटा फॅन ठेवून गार हवा स्टोव्हकडं सोडतात, मग गरम हवा छताच्या बाजूनं आपोआप त्या खोलीत येते. सांगायचा मुद्दा, हवा नुसती ढकलून हलत नाही, एकीकडनं जायला आणि दुसरीकडनं यायला रस्ता लागतोय.

बंगला किंवा रो हाऊस असेल तर सगळ्यात भारी रस्ता म्हणजे जिना. रात्री टेरेसचं दार उघडं ठेवा (चोरांची भीती असेल तर जाळीचं लोखंडी दार बसवून घ्या), खालच्या मजल्यावरची पश्चिमेची खिडकी उघडा, आणि टेरेसच्या दाराजवळच्या खिडक्या मात्र बंद. इथंच बहुतेक जण फसतात, जोशात सगळ्या खिडक्या उघडतात आणि मग हवा शॉर्टकट घेते, जवळच्या खिडकीतनं आत येऊन वरच्या दारानं बाहेर, बेडरूम तशीच तापलेली. ज्या खोलीत झोपायचं तिची खिडकी आणि आतलं दार उघडं पाहिजे, म्हणजे हवा त्या खोलीतनं होऊन जिन्याकडं जाईल.

फ्लॅटवाल्यांनी किचनचा एक्झॉस्ट वापरा, तो तसापण वरच बसवलेला असतोय. जेवणं झाली की किचनचं दार उघडं ठेवून तो लावा आणि लांबच्या बेडरूमची खिडकी उघडा. हिशोब सोपा आहे, ८०० स्क्वेअर फुटांच्या घरात १० फूट उंची धरली तर साधारण २२५ घनमीटर हवा असते, फॅन तासाला १००० घनमीटर ओढणारा असेल तर कागदावर तासात ४ वेळा हवा बदलते, जाळीमुळं प्रत्यक्षात कमी, तरी भरपूर झालं. एक्झॉस्ट नसेल तर टेबल फॅन खिडकीपासून फूट-दीड फूट आत, तोंड बाहेर करून ठेवा.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर तो बाथरूमच्या झरोक्यातनं पण हवा ओढतोय आणि गीझरचा जळका गॅस घरात येऊ शकतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोय, माणूस झोपेतच जातोय. गीझर चालू असताना एक्झॉस्ट बंद, आणि एक्झॉस्ट चालू असताना एक तरी मोठी खिडकी उघडी, यात तडजोड नाही.

सगळं लावल्यावर अगरबत्ती घेऊन बेडरूमच्या दारात उभं रहा. आधी खाली गुडघ्याजवळ धरा, मग चौकटीच्या वरच्या कडेला. फॅन नसताना खालचा धूर आत वळतोय आणि वरचा बाहेर निघतोय, एकाच दारात दोन दिशा, मुलांना दाखवा, त्यांना लई आवडतंय. फॅन लावल्यावर दोन्हीकडचा धूर फॅनच्या दिशेनं ओढला गेला पाहिजे. नाही गेला तर मधलं कुठलं तरी दार बंद आहे नाहीतर जाळी धुळीनं भरलीय, ब्रशनं साफ करा.

सीलिंग फॅन लगेच लावू नका, तो वरचीच गरम हवा खाली आणून अंगावर टाकतोय, आधी अर्धा तास हवा बाहेर काढा मग लावा. उघडायची वेळ म्हणजे बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, साधारण सात-साडेसातनंतर, आणि सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद करून पडदे ओढा, नाहीतर रात्रीची कमाई दुपारी बारापर्यंत संपते. जवळपास उसाचा पाला पेटवला असेल तर त्या दिवशी धूर बसेपर्यंत थांबा.

आणि वळीव पडला तर रात्रीची वाट बघायची नाही, पाऊस थांबला की चार-पाच वाजता पण लगेच सगळं उघडा, तेवढ्यात बाहेरची हवा एकदम उतरलेली असते. फक्त वारं सुटलेलं असताना टेरेसचं दार आपटतंय, त्याला कडी नाहीतर स्टॉपर लावून ठेवा.