देवाच्या अधीन राहताना या चुका टाळा

बेळगाव कॅम्पात वाढलेल्याला कफर्णहूम गावच्या शताधिपतीची, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याची, गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. बायबलात मत्तयाच्या 8व्या अध्यायात तो येशूला म्हणतो, मी स्वतः ताबेदार माणूस, माझ्या हाताखालीही शिपाई आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरसमोरून रोज जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की नाईकाच्या शब्दाला वजन येतं ते वरून. तो वरच्याचं ऐकतो म्हणून खालचे त्याचं ऐकतात. एवढं कळूनही आमची मंडळी त्याच त्याच ठिकाणी घसरतात. वीस वर्षं बायबल अभ्यास घेतोय, म्हणून लिहितो.

पहिली चूक, ‘प्रार्थना करून कळवतो.’ वर्गणी द्यायची नाही, संडे स्कूलला शिकवायला यायचं नाही, की हे वाक्य तयार. सरळ ‘जमत नाही’ म्हणा की! होय तर होय, नाही तर नाही, हे मत्तय 5:37 मध्येच आहे.

दुसरी, बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल तो देवाचा हुकूम समजायचा. आमच्यातल्या एका पोराचं बोट उत्पत्ती 12 वर पडलं, ‘आपला देश सोड.’ चार दिवसांत गडी हातातली नोकरी सोडून, आईला न सांगता, गोव्याला हॉटेलात कामाला. पावसाळा लागला, गिऱ्हाईक आटलं, मालकानं घरी पाठवलं. परत आल्यावर मला विचारतो, “अंकल, देवानं असं का केलं?” देवानं कुठं काय केलं? अब्राहामाला दिलेली आज्ञा ह्यानं आपल्या नावावर चढवून घेतली, एवढंच. हल्लीच्या पोरांना देवाचं उत्तरही शेवयांसारखं दोन मिनिटांत पाहिजे. माझी सवय सांगतो. पुस्तक सुरुवातीपासून ओळीनं वाचतो. मोठा निर्णय असला की वहीत लिहून आठवडाभर तसाच ठेवतो, आणि मला तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या दोघांना विचारतो. ‘होय’ म्हणणारे विचारायच्या आधीच भेटतात.

नवऱ्यांना इफिस 5:22, ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’, तोंडपाठ असतं. त्याच्या वरची ओळ, ‘एकमेकांच्या अधीन असा’, कुणाला आठवत नाही. पाळकाचा शब्द आणि देवाचा शब्द एकच धरणं हीसुद्धा चूकच. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं उत्तर पेत्र आणि प्रेषितांनी यहुद्यांच्या धर्मसभेला दिलं, ते प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये वाचा. आणि दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देताना देवाशी घासाघीस करू नका, तो काही शनिवारचा बाजार नव्हे.

आता माझी स्वतःची चूक. खानापूर तालुक्यात आमचं भाताचं रान, शेजारी चुलतभावाचं. दरवर्षी मे महिन्यात बांध दुरुस्त करताना मी चार बोटं त्याच्या बाजूला सरकायचो. कुणाच्या लक्षात येतंय? एका वर्षी मी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर अभ्यास घेत होतो. एका रविवारी उपासना सुटल्यावर त्या चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, “भाऊजी, अनुवाद 19:14 पण घ्या की एकदा.” घरी येऊन बायबलातलं ते अनुवादाचं पुस्तक उघडलं. शेजाऱ्याची शीव सरकवू नको! सीमेवरून 1956 पासून भांडत आलेल्या मुलखात राहून ही ओळ मी कधी नीट वाचली नव्हती.

मग काय केलं? प्रार्थना. तीन आठवडे, रोज पहाटे, ‘देवा, त्याचं मन मऊ कर.’ टिकाव काही उचलला नाही. ही चूक मला सगळ्यांत वाईट वाटते, कारण ती बाहेरून भक्तीसारखीच दिसते. इस्राएलाच्या शौल राजानं हेच केलं होतं. सगळं नष्ट कर अशी देवाची आज्ञा असताना अमालेकी शत्रूंची चांगली मेंढरं राखून ठेवली आणि नाव घेतलं यज्ञाचं. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, असं शमुवेल संदेष्ट्यानं त्याला तोंडावर सुनावलं.

चौथ्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, होता. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपुढं ठेवून आधी त्याच्याकडं जा, हे मीच शिकवलेलं. बाकावरून उठलो, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि थेट त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “बस, चहा घे.” बांधाचं नावही काढलं नाही. मीच काढलं. दुसऱ्या दिवशी गावातली दोन म्हातारी माणसं घेऊन जुन्या दगडापासून दोरी धरली. सगळं मिळून दीड हात निघालं. माझा अंदाज एका हाताचा होता.

बांध मी माझ्या हातानं फोडून मागं घेतला. गड्याला लावलं नाही. तेव्हापासून मे महिन्यात दोरीचं दुसरं टोक धरायला भावालाच बोलावतो. अजूनही तो दोनदा ओढून बघतो.