बडोद्यात कमी खर्चात घर सजवताय? आधी ओल आणि ऊन बघा, सोफा नंतर

घराचा ताबा मिळाला की पुढच्याच रविवारी सगळं कुटुंब सोफा बघायला निघतं. मग पडदे, मग टीव्हीमागचं पॅनल, मग दिवे. पावसाळ्यात भिंतीला पोपडे आले की शेवटी रंगाचा विचार. हा क्रम उलटा आहे, आणि बेताच्या पैशांत घर सजवणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान त्यातच होतं, कारण एकच काम दोनदा करावं लागतं. वाघोडिया रोडवरचा नवा टू बीएचके असो की दांडिया बाजारातला आजोबांच्या वेळचा वाडा, बडोद्याच्या घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे. चूक होऊन गेली असेल तर काय करता येईल, तेही.

ओल झाकणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल. भिंतीवर डाग दिसला की रंगारी म्हणतो, "पुट्टी मारून देतो, कळणारसुद्धा नाही." किंवा कुणीतरी पीव्हीसी पॅनल सुचवतं, कुणी वॉलपेपर. दोन्हींच्या मागे ओल तशीच राहते, बुरशी धरते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पॅनलच्या कडेने वास यायला लागतो.

खर्च करण्याआधी एक सोपी परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे; तिथे एक्झॉस्ट फॅन आणि उघड्या खिडक्या पुरतात, वॉटरप्रूफिंगवर पैसे घालू नका.

भिंतीतून येत असेल तर जागा बघा. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पांढरा खार फुटला असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. वरच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची, आणि मधेच एका पट्ट्यात असेल तर पाइप किंवा पलीकडचं बाथरूम. बाहेरची भेग बुजवल्याशिवाय आतून काहीही लावू नका. दुरुस्तीनंतर नवा गिलावा केला असेल तर रंगाआधी त्याला साधारण चार आठवडे द्या. "घाई करा, पाहुणे येताहेत" म्हणून दहा दिवसांत लावलेला रंग फुगतोच.

वाड्यांचं प्रकरण वेगळं. जुन्या भिंती वीट आणि चुन्याच्या. त्या ओल शोषतात आणि हवेत सोडूनही देतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती शेजारचा जुना भाग पोखरत राहते. अशा घरात चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करा, हवं तर त्यात रंग कालवून. इमल्शनपेक्षा ती बरीच स्वस्त पडते, आणि चुन्याच्या भिंतीवर उजेड जसा मऊ पसरतो तसा कुठल्याही महागड्या फिनिशवर पसरत नाही, असं माझं ठाम मत आहे. तसंच जुन्या लाकडी खांबांवर, तुळयांवर ऑइल पेंट फासू नका. कुणी आधीच फासला असेल तर खरवडून एकदा लाकूड बघा. आपल्याच शहरातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या. तिथलं लाकूडकाम आणि चित्रांनी भरलेल्या भिंती बघितल्या की घरातल्या जुन्या खांबाची किंमत कळते.

शेडकार्डवर रंग ठरवणं

दोन इंचांच्या चौकोनात जो रंग सौम्य वाटतो तो चारही भिंतींवर लागला की कितीतरी गडद दिसतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. छोटा डबा आणा, समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री दिव्यात बघा. पश्चिमेच्या खोलीत बडोद्याचं दुपारचं ऊन पिवळं-नारिंगी येतं. तिथे पिवळसर क्रीम आणखी तापट दिसतं. तिथे किंचित करडा किंवा हिरवट पांढरा ठेवा. उत्तरेकडच्या खोलीत मात्र तोच पांढरा फिका, आजारी वाटतो, तिथे क्रीमच शोभतं.

भिंत उंचसखल असेल तर चकचकीत फिनिश घेऊ नका, प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. मॅट घ्या. लहान मुलं असतील तर पॅसेजला तेवढा धुता येणारा रंग लावा, सगळ्या घराला तो नको.

एकच ट्यूब, नाहीतर पन्नास स्पॉटलाइट

दिव्यांच्या बाबतीत आपली घरं दोन टोकांना असतात. एक तर छताला एकच पांढरीफेक ट्यूब, किंवा पीओपीच्या खोट्या छतात ओळीने खोचलेले स्पॉटलाइट, त्यातले अर्धे कधीच न लावले जाणारे. दुसऱ्या प्रकारात तर पंख्याच्या पात्यांच्या बरोबर वर दिवे येतात आणि पंखा फिरला की खोलीभर सावल्या लुकलुकतात. तसं झालं असेल तर तेवढे दिवे कायमचे बंद करा आणि भिंतीलगतचेच वापरा.

बल्ब घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. ल्युमेन म्हणजे उजेड किती. ९ वॅटच्या चांगल्या एलईडीला ८००-९०० असतात. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग: २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. तिसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. ८० च्या खाली घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम, कारण त्याच्यावरच ताटातली भाजी ताजी दिसते की मळकट हे ठरतं. दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत पिवळसर, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर मधला. एकाच खोलीत एक दिवा ३००० आणि शेजारचा ६५०० असं करू नका. घर सस्तं दिसण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि ते दुरुस्त करायला फक्त बल्ब बदलावे लागतात.

छताच्या ट्यूबला सोबत म्हणून बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा एक दिवा ठेवा. जुना पितळी समईचा खांब, तांब्याचा घडा, काहीही दिव्याचा पाया होऊ शकतं. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पीओपीबद्दल एवढंच: स्लॅब साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर पूर्ण छत खाली आणू नका. पंख्याच्या पात्यापासून फरशीपर्यंत आठ फूट अंतर राहायला हवं आणि पात्याच्या वर हवा खेचायला जागाही. वरच्या मजल्यावर उष्णतेसाठी पीओपी करणार असाल तर आधी गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी) किंवा पांढरा परावर्तक कोट करा. ऊन गच्चीवरच परतवलं तर खालची खोली कमी तापते.

खिडकीएवढाच पडदा

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवरच ठोकला आणि कापड चौकटीच्या रुंदीचंच घेतलं, की पडदा उघडल्यावरही अर्धी काच झाकलेली राहते. रॉड चौकटीच्या चार ते सहा इंच वर, दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच पुढे. पडदा फरशीपासून अर्धा इंच वर संपला पाहिजे. खिडकीच्या खाली वीतभर लोंबणारा पडदा खोली ठेंगणी करतो.

कापडाचा हिशेब असा. खिडकी चार फूट रुंद असेल तर चुण्या पडायला दुप्पट, म्हणजे आठ फूट रुंदी हवी. ५४ इंची पन्ह्याचे दोन पाट घेतले की नऊ फूट होतात, पुरतात. उंची साडेआठ फूट धरा, वर-खाली दुमडायला दहा इंच, म्हणजे एका पाटाला सव्वानऊ फुटांच्या थोडं वर. दोन पाटांना जवळजवळ पावणेसहा मीटर. सुती असेल तर सहा मीटरच घ्या आणि शिवण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखडून फरशीपासून चार बोटं वर जातो. आखडलाच असेल तर खाली वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा जोडा, मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय पडदा लावू नका. त्याहून स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे खिडकीच्या बाहेर बांबूची चिक. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यापेक्षा काचेबाहेर अडवलेलं केव्हाही बरं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फरक अंगाला जाणवतो.

आजीच्या रेशमी साडीचे पडदे करण्याची हौस हल्ली बरीच दिसते. कृपा करून करू नका. उन्हात रेशीम कुजतं, काही वर्षांत हात लावला तरी फाटतं. पदराचा तुकडा काचेच्या चौकटीत घालून ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा, किंवा उशीचे अभ्रे शिवा.

दुकानात छोटा, घरात मोठा

शोरूमची छतं उंच, जागा ऐसपैस. तिथे आटोपशीर दिसलेला एल आकाराचा सोफा दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आला की बाल्कनीकडे तिरकं होऊन जावं लागतं. जाण्याआधी वर्तमानपत्रं सोफ्याच्या मापाने फरशीवर पसरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेने वावरा. येण्याजाण्याच्या वाटेला किमान अडीच फूट, सोफा आणि टीपॉय यांच्यात सव्वा ते दीड फूट. जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजा. पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतल्या, अरुंद जिन्यावरून परत गेलेली कपाटं मी पाहिली आहेत.

बनवून घेणार असाल तर मिस्त्रींना प्लायची ग्रेड विचारा. एमआर (ओलावा सोसणारं, आयएस ३०३) कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालतं. ओट्याखाली आणि बेसिनखाली आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारं, हवं. शिक्का प्लायवरच बघा, बिलावर लिहून घ्या. पार्टिकल बोर्ड सगळ्यात स्वस्त, पण पाण्याने एकदा फुगला की काहीही करता येत नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी यात शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी धरायलाच हवी. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना हे सांगावं लागत नाही. सखल भागात फरशीला टेकलेलं बंद बॉक्सचं फर्निचर करू नका. लाकडी किंवा लोखंडी पायांवर उभं असलेलं, दोघांना उचलून वर नेता येईल असं घ्या. गाद्या काढता येणाऱ्या, प्लग पॉइंट उंचावर, गालिच्याऐवजी धुऊन वाळवता येणारी सतरंजी. लोखंडी पलंग, सागाची जुनी टेबलं, वेताच्या खुर्च्या अशा घरात टिकतात आणि दिसतातही देखण्या. जुन्या बाजारात सागाचं टेबल घेताना खालून बघा: बारीक भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे, सोडून द्या. सांधा ढिला असेल तर घ्या, मिस्त्री तासाभरात बसवतील.

लाखेच्या नक्षीच्या लाकडी फर्निचरचं गाव संखेडा आपल्या इतकं जवळ आहे, पण ते फर्निचर घेताना दोन चुका होतात. पहिली, पूर्ण सेट घेणं. लाल-सोनेरी नक्षीचं काम एका खोलीत एक झोपाळा किंवा दोन बुटक्या खुर्च्या एवढंच शोभतं. सोबत साध्या पांढऱ्या गाद्या ठेवा. दुसरी, त्याची निगा. खराडी-सुतार सागाच्या दांड्या खरादावर फिरवून नक्षी काढतात, त्यात कथिलाचा वापर होतो, आणि वरच्या लाखेच्या थरामुळे रुपेरी नक्षी सोनेरी दिसते. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटने विरघळते. म्हणून भर उन्हातल्या बाल्कनीत तो झोपाळा नको, त्यावर गरम चहाचा कप नको, बाटलीतलं क्लीनर तर नकोच. कोरडं मऊ फडकं पुरतं.

भिंत भरून टाकणं

ऑनलाइन मागवलेल्या पाच तुकड्यांच्या घोड्यांच्या चित्रावर जितका खर्च होतो, त्यात बडोद्यात अस्सल काहीतरी मिळू शकतं. इथे १९५० साली सुरू झालेली फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे. तिथल्या विद्यार्थ्यांची छापचित्रं कॅनव्हासच्या मानाने परवडणारी असतात, कारण एका ठशातून अनेक प्रती निघतात. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींचं पिठोरा हे मुळात नवसाचं, देवाचं चित्र. त्याची मशीनवर छापलेली नक्कल लावण्यापेक्षा चित्रकाराने कागदावर किंवा कापडावर हाताने काढलेलं छोटं चित्र घ्या आणि ते कुणी काढलं ते मागे लिहून ठेवा.

टांगताना चित्राचा मध्य फरशीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा, सोफ्यावर असेल तर पाठीपासून सहा-आठ इंच वर. आपण सगळेच फार वर टांगतो, देवघराच्या तसबिरींची सवय असते. लहान चित्रं असतील तर आधी फरशीवर मांडून जुळवा, मग एकत्र लावा. आणि चुन्याच्या भिंतीत हातोडीने खिळा ठोकू नका, थाळीएवढा गिलावा सुटून खाली येतो. बारीक ड्रिलने भोक पाडून लाकडी गुटका बसवा आणि त्यात स्क्रू लावा.