पोकरमध्ये या चुका टाळा: हिशेब, बँकरोल आणि टिल्ट

टेक्सास होल्डेममध्ये (प्रत्येकाला दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, असा पोकरचा प्रकार) एक्क्यांची जोडी हातात असली आणि राजांच्या जोडीविरुद्ध फ्लॉपआधीच (म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधीच) सगळे चिप्स आत गेले, तरी साधारण 18 टक्के वेळा एक्केवालाच हरतो. त्याचं काहीही चुकलेलं नसतं. तरीही हरलेला डाव म्हणजे चुकलेला डाव असं बहुतेक जण धरून चालतात, आणि बिनचूक खेळ बदलून बसतात.

एका पत्त्यासाठी दोन पत्त्यांचा हिशेब

ही चूक लवकर लक्षातच येत नाही. तुमच्या हातात दोन बदाम, फ्लॉपवर आणखी दोन. न दिसलेल्या 47 पत्त्यांत 9 बदाम उरले. रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, लागण्याची शक्यता 35 टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) 100 चिप्स असताना समोरच्याने 50 लावले आणि तुम्ही कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले, तर त्या 50 मध्ये खात्रीने दिसतो तो फक्त टर्नचा, म्हणजे चौथा पत्ता. रिव्हरसाठी पुन्हा मोजावे लागू शकतात. टर्नवर बदाम येण्याची शक्यता 19 टक्केच. 50 घालून 150 मिळवायचे तर 25 टक्के हवेत. फ्लश लागल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी 60-एक चिप्स निघणार असतील, तरच हा कॉल बरोबरीत सुटतो. म्हणून आधी त्याच्यापुढचे चिप्स बघा, आणि बोर्डवर (टेबलावरच्या पत्त्यांत) तिसरा बदाम पडल्यावरही तो कॉल करणाऱ्यांतला आहे का, ते आठवा. तो ऑल-इन असेल, म्हणजे त्याने सगळे चिप्स लावले असतील, तर मात्र 35 टक्के बिनदिक्कत धरा.

‘आधीच एवढे घातलेत, आता कशाला सोडा’ हा हिशेबच नव्हे. पॉटमध्ये गेलेले चिप्स तुमचे राहिलेले नसतात.

तोकडं बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे)

नो-लिमिट कॅश गेममध्ये (खऱ्या पैशांचे चिप्स, बेटवर मर्यादा नाही) 100 डावांमागे 5 बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी बेट) कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. पण चढ-उतार एवढे मोठे, की 10,000 डावांनंतरही अशा दहांतले दोघे-तिघे तोट्यात असू शकतात. कॅशसाठी किमान 30 बाय-इन (एकदा टेबलावर बसायला लागणारी रक्कम) ठेवा, टुर्नामेंटसाठी 100. कॅशमध्ये 20 च्या खाली आलात की एक पायरी उतरा, म्हणजे लहान रकमेच्या टेबलावर बसा. (रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा कापलेला वाटा, वजा केल्यावर उरतो तोच नफा, हेही बरेच जण सोयीस्करपणे विसरतात.)

टिल्ट म्हणजे फक्त संताप नव्हे

टिल्ट म्हणजे भावनेच्या भरात खेळ बिघडणं. पत्ते आपटणारा सहज ओळखू येतो. जिंकत असताना सैल सुटणारा, ब्लफ पकडणाऱ्या एकाच खेळाडूच्या मागे लागणारा, गेलेलं वसूल करायला मोठ्या टेबलावर बसणारा, हे सगळेही टिल्टवरच असतात. पहिली खूण वेगाची: एरवी पाच सेकंद घेणारा निर्णय एका सेकंदात होऊ लागतो. दुसरी, सुरुवातीच्या पोझिशनवरून (जिथून तुम्हाला इतरांआधी निर्णय घ्यावा लागतो) वेगवेगळ्या रंगांचे राजा-नव्वी खेळावेसे वाटतात. अशा वेळी एक पूर्ण फेरी बाहेर बसा. तीन बाय-इन गेले की उठायचं, हे बसण्याआधीच ठरवा. हरताना ठरवलेली मर्यादा हमखास सरकते.

निकाल बघून उजळणी

नंतर डाव तपासताना शेवटी कोणी काय दाखवलं ते झाकून ठेवा. पोझिशन, चिप्स, प्रत्येक टप्प्यावरचा पॉट आणि बेट एवढंच लिहा. तिथे समोरच्याकडे कोणकोणते पत्ते असू शकत होते, ते मांडा, आणि मगच कॉल बरोबर होता का ते ठरवा. जिंकलेले डावही यात घ्या. बेधडक केलेले चुकीचे कॉल बहुधा त्यांतच सापडतात.