सुट्टीतले अंगण आणि स्वस्तातले कपडे : या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बहुतेक घरांत दोन खरेद्या सगळ्यांत आधी होतात. एक म्हणजे फुगवायचा टब, तंबू किंवा असेच एखादे खेळणे, आणि दुसरी म्हणजे ‘उन्हाळी कपडे’ म्हणून घेतलेले चार-पाच रंगीत जोड. मुले अंगणात नेमके काय खेळणार, कोणत्या वेळी खेळणार आणि त्या वेळी त्यांच्या अंगावर काय असावे, हा विचार मागाहून येतो. त्यामुळे मे महिना अर्धा सरतो तोवर टबाला भोक पडलेले असते, नवे कपडे घामाने टोचतात म्हणून मुले जुनाच बनियन मागत असतात, आणि पैसे मात्र खर्च होऊन गेलेले असतात. हा क्रम उलटा केला, तर अंगण, गच्ची किंवा इमारतीच्या आवारातला सावलीचा एखादा कोपरा, यांपैकी जे हाती असेल तेवढ्यात सुट्टी उत्तम जाते.

वेळ आणि जमीन

सर्वांत सामान्य चूक वेळेची असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे दुपारी घराबाहेर पडू नये हे तिथल्या लोकांना कोणी सांगावे लागत नाही. चूक अधिक होते ती कोकणात आणि मुंबई-ठाण्यात. तिथे पारा ३४-३५ अंशांवर दिसतो म्हणून ‘आज फारसे ऊन नाही’ असे समजून मुलांना भर दुपारी खेळायला सोडले जाते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीरही थंड होत नाही. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांची, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांची पातळी धरतो, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू हे धावपळीचे खेळ सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच खेळावेत, आणि दुपार सागरगोटे, काचापाणी, पट किंवा भातुकली यांच्यासाठी मोकळी सोडावी. दुपारी मुलांना वाळवणाची राखण करायला गच्चीत बसवण्याची पद्धत अनेक घरांत अजूनही आहे. पण कडक ऊन कुरडया-पापडांना हवे असते, मुलांना नव्हे. वाळवणावर जुनी मलमलची साडी पसरून कडेने दगड ठेवले की राखणीला माणूस लागत नाही.

ऊन उतरले तरी जमीन तापलेलीच असते, हेही अनेकदा विसरले जाते. सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी आणि गच्ची संध्याकाळनंतरही बराच वेळ गरम राहतात आणि अनवाणी पावलांना चांगलाच चटका बसतो. मुलांना सोडण्यापूर्वी जमिनीवर, झोपाळ्याच्या लोखंडी कड्यांवर आणि पत्र्याच्या घसरगुंडीवर मोठ्यांनी हाताची मागची बाजू काही क्षण टेकवून पाहावी; आपल्याला ती ठेवता येत नसेल, तर मुलांनी तिथे बसू नये. खेळाच्या जागी भिजवलेले गोणपाट अंथरले, तर कोब्यावरही बसता येते. सावलीच्या बाबतीत पत्र्याच्या शेडवर भरवसा ठेवू नये, कारण तापलेला पत्रा खाली उष्णता सोडत राहतो. आंबा, चिंच, कडुनिंब यांपैकी एखादे झाड असेल तर त्याची बरोबरी कशानेच होत नाही, आणि झाड नसेल तर जुन्या सुती साड्या दोरीवर ताणून केलेला मांडवही चालतो.

खेळताना मूल एकाएकी गप्प झाले, त्याला उलटी झाली, अंग तापले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर ‘थोडे पन्हे देऊ म्हणजे बरे वाटेल’ असे म्हणत थांबणे धोक्याचे आहे. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर नसेल, तर तोंडात पाणी घालू नये.

पाण्याचे खेळ

उन्हाळ्यात मुलांना पाण्यात खेळू द्यावे की नाही, हा आपल्याकडे पाणीटंचाईमुळे गंभीर प्रश्न असतो, आणि ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे टब भरणे कोणालाच पटणार नाही. मात्र जिथे झाडांना पाणी द्यायचेच असते, तिथे तेच पाणी आधी मुलांच्या हाती दिल्याने काही बिघडत नाही. त्यात साबण किंवा रंग मिसळू नये, एवढे पथ्य पाळले की खेळून झाल्यावर टब आळ्यात ओतता येतो. नळीने खेळताना होणारी चूक वेगळी आहे : उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी अंग भाजण्याइतके गरम असू शकते. ते थंड होईपर्यंत बादलीत धरावे आणि मगच नळी मुलांच्या हाती द्यावी. कढत पाणी झाडांच्या मुळांनाही मानवत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे ‘टबात वीतभरच तर पाणी आहे’ असे म्हणून लहान मुलाला एकटे सोडून आत जाणे. तान्ही आणि रांगती मुले काही इंच पाण्यातही बुडू शकतात, आणि हे घडताना आरडाओरडा होत नाही. दारावरची बेल वाजली किंवा कुकरची शिट्टी झाली, तरी मुलाला उचलून बरोबर घेऊनच उठावे.

खेळ संपल्यावर टब तसाच भरलेला ठेवला, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची सोय होते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात त्यांची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते, म्हणूनच पालिका आणि ग्रामपंचायती आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. इथे पाणी फक्त ओतून देणे पुरत नाही. या डासांची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने जिवंत राहतात. त्यामुळे टब, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले परळ आठवड्यातून एकदा काथ्याने घासून काढावेत.

मुलांना बी पेरायला देताना मे महिन्यात कोथिंबीर देणे टाळावे. उन्हाच्या तडाख्यात ती नीट उगवत नाही, उगवलीच तर लवकर फुलावर येते आणि मुले हिरमुसतात. लाल माठ, गवार किंवा भेंडी द्यावी. त्यांतही माठ महिन्याभरात काढणीला येतो, त्यामुळे सुट्टी संपण्यापूर्वी मुलांना स्वतः पेरलेली भाजी ताटात दिसते.

‘कॉटन’ म्हणून घेतलेले कापड

कपड्यांमधली मुख्य चूक किमतीची नसून कापडाची असते. उन्हाळ्यात दुकानदार ‘एकदम कॉटन आहे’ असे म्हणून जे दाखवतात, त्यात रेयॉन आणि पॉलिस्टर मिसळलेले कापड पुष्कळ असते. पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि खेळणाऱ्या मुलांना त्याने घामोळे येते. रेयॉनचा स्पर्श मऊ आणि थंड असतो, त्यामुळे घरात घालायला ते वाईट नाही. परंतु ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते, आणि जे कपडे पाण्यात भिजणार, चिखलात मळणार आणि रोज दगडावर घासले जाणार आहेत, त्यांच्यासाठी ते निरुपयोगी ठरते.

कापड ओळखण्यासाठी शिवणीच्या आत दाबलेल्या कापडातला धागा जाळून पाहण्याचा उपाय अनेकांना ठाऊक असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बहुधा अर्धवट असतो. धागा वितळून त्याची टणक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे, हे खरे; मात्र तो कागदासारखा जळून मऊ राख झाली म्हणजे ते सुतीच आहे असे ठरत नाही, कारण रेयॉनही तसेच जळते. तिथे दुसरी परीक्षा घ्यावी : एक धागा ओला करून ताणावा. सुती धागा ओला झाल्यावर मजबूत राहतो, तर रेयॉनचा पटकन तुटतो. हे प्रयोग अर्थातच घरी, मोठ्यांनी आणि पहिल्या धुण्यापूर्वी करायचे आहेत. बाजारात उभे राहून काडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणताही विक्रेता दुसऱ्यांदा उभे करणार नाही.

पातळ पांढरे कापड उन्हापासून पुरेसे संरक्षण देते, हाही एक गैरसमज आहे. हलका रंग कमी तापतो हे खरे असले, तरी विरळ विणीच्या कापडातून अतिनील किरण आत येतात, आणि तेच कापड ओले झाले की संरक्षण आणखी घटते. म्हणून पाण्यात खेळताना घट्ट विणीचा पॉपलिन किंवा केंब्रिकचा सैल सदरा घालावा आणि मलमल व वायल सावलीतल्या दुपारीसाठी राखून ठेवावी.

रंग जाईल की काय, अशी शंका असेल तर पांढरा ओला रुमाल कपड्याच्या आतल्या शिवणीवर जोराने घासून पाहावा. नवे कपडे मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगितले जाते. पण तयार कपड्याच्या बाबतीत त्याचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. रुमालावर रंग उतरला, तर तो कपडा शेवटपर्यंत वेगळाच धुवावा लागणार हे धरून चालावे.

खेळताना घालायचे कपडे

लटकणाऱ्या गोष्टींकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. गळ्याशी नाडी असलेले टोपीचे शर्ट, लांब ओढणी आणि कमरेला बांधायचे पट्टे झोपाळ्याच्या कडीत, फाटकात किंवा सायकलच्या चाकात अडकतात, आणि गळ्याशी असलेली नाडी अडकली तर गळफास बसू शकतो. अशी नाडी कपडा घरी आणताच ओढून काढावी. मोत्या-टिकल्यांचे काम असलेले कपडे रांगत्या मुलाला घालू नयेत, कारण टिकली निघाली की ती थेट तोंडात जाते.

ओले कपडे अंगणात ढीग करून रात्रभर टाकून ठेवण्याची सवय कोकणात आणि दगड-विटांचे ढिगारे असलेल्या कोणत्याही आवारात घातक ठरू शकते. विंचू अशा ओलसर, अंधाऱ्या जागी येऊन बसतो. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर कमी झाले, पण ते औषध वेळेत मिळाले तरच. मुलाला दरदरून घाम येत असेल, उलट्या होत असतील आणि हातपाय गार पडत असतील, तर मांत्रिकाकडे किंवा घरगुती लेपांवर वेळ न घालवता लगेच आरोग्य केंद्र गाठावे. बाहेर राहिलेला प्रत्येक कपडा आणि बूट झटकूनच वापरावा.

बाजारात

पुण्याची तुळशीबाग, मुंबईचे फॅशन स्ट्रीट आणि दादरचे हिंदमाता, नागपूरची इतवारी, जळगावचे फुले मार्केट अशा ठिकाणी कमी पैशांत भरपूर कपडे मिळतात, म्हणूनच तिथे गरजेपेक्षा जास्त घेतले जातात. निघण्यापूर्वी कपाट उघडून मोजदाद करणे कंटाळवाणे वाटते, पण खरी बचत तिथेच होते. खेळायला जुने, विरलेले सुती कपडेच सर्वांत चांगले असतात, आणि मोठ्या भावंडांचे, मामे-चुलत भावंडांचे उतरलेले कपडे मागून घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नवजात बाळालासुद्धा आपण आधी जुन्या मऊ लुगड्याचेच झबले घालतो.

मापाची चूक सर्वांत महाग पडते. ‘अठ्ठावीस नंबर’ एका दुकानात एक असतो आणि शेजारच्या दुकानात दुसराच, त्यामुळे नंबर सांगण्यापेक्षा मुलाला नीट बसणारा एक शर्ट आणि एक चड्डी पिशवीत बरोबर न्यावी आणि नवा कपडा त्यावर पसरून ताडून पाहावा. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून अगदी बेताचे माप घेऊ नये. जून-जुलैत मोठ्या दुकानांत जे सेल लागतात, त्यात पुढच्या उन्हाळ्याचे कपडे घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. मात्र पाच ते दहा वर्षांची मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात हे विसरून आजच्या मापाचे घेतले, तर ते कपडे न वापरताच दुसऱ्याला द्यावे लागतात. ‘दोन घ्या, एक मोफत’ या पाटीबद्दल एकच विचारावे : तिसरा कपडा विकत मिळत असता, तर आपण घेतला असता का?

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे किंवा ओळखीचा शिंपी आहे, त्यांनी तयार कपड्यांऐवजी कटपीसची दुकाने पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात सहा-सात वर्षांच्या मुलाचा बिनकॉलरचा, अर्ध्या बाह्यांचा सदरा सव्वा मीटरमध्ये आरामात बसतो, कापड आपण हाताने पारखून घेतलेले असते, आणि शिवणीत दोन बोटे कापड दाबून ठेवले तर तो पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो. कापताना मात्र आधी कापड भिजवून वाळवून घ्यावे. ही एक पायरी गाळल्यामुळे सदऱ्याची उंची बिघडते आणि दोष उगाच शिंप्याला दिला जातो.

रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेला माल परत होत नाही, म्हणून तिथे साखळी (चेन) लावून-काढून, शिवण ताणून आणि कपडा उजेडाकडे धरून पाहावा. दुकानातून घेताना पावती मागावी. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असले, तरी सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते; पावतीवर मुदत दिली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. रंग आवडला नाही किंवा माप चुकले म्हणून कपडा परत करायचा असेल, तर हा नियम लागू होत नाही. तिथे दुकानदाराचे धोरण आणि आपले बोलणे यांवरच सारे अवलंबून असते.

शाळा सुरू होण्याच्या आधी कपाट आवरताना सगळे जुने कपडे एकदम बोहारणीच्या पुढ्यात टाकून एखादे स्टीलचे पातेले घेण्याची घाई करू नये. फाटके पण सुती कपडे गोधडीच्या आतल्या थरांसाठी आणि फडक्यांसाठी आधी बाजूला काढावेत, बटणे व धड असलेल्या साखळ्या उसवून डब्यात ठेवाव्यात, आणि पॉलिस्टरचे, रंग गेलेले, इलॅस्टिक सैल पडलेले तेवढेच तिला द्यावेत. बोहारीणही जुन्या साड्या आणि धड असलेल्या पँटींचाच भाव चांगला करते, त्यामुळे त्या मुलांच्या कपड्यांच्या ढिगात न मिसळता वेगळ्या मांडून तिच्याशी घासाघीस करावी.