बेळगावच्या परड्यात सफरचंदाचा संकर

सफरचंदाच्या दोन जातींचा संकर घरी करायचा तर आधी आई कोण आणि बाप कोण हे ठरवा. ज्या झाडावर फळ धरायचं ते आई, ज्याचे पराग आणायचे ते बाप. नोंदीत आईचं नाव कायम आधी येतं. 'ॲना × डॉर्सेट गोल्डन' लिहिलं की फळ ॲनावर धरलं आणि पराग डॉर्सेटचे, हे जगात कुठंही कळतं.

मी शहापुरात सोन्याचं काम करतो. घर वडगावात, मागं परडं आहे, त्यात पेरूच्या पलीकडं सफरचंदाची झाडं. बारीक चिमटा, भिंग आणि मऊ कुंचला ही माझी रोजची हत्यारं, आणि या कामाला नेमकी तीच लागतात. तुमच्याकडं नसली तर टोकदार चिमटा आणि शाळेच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा कुंचला पुरतो.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण सिमल्याच्या सफरचंदाला आपली थंडी पुरत नाही. त्या जातींना साधारण सात अंशांच्या खालची थंडी हजारभर तास लागते. आपण साडेसातशे मीटरवर आहोत. जानेवारीच्या पहाटे काकडतो, पण एवढी थंडी इथं कधी साठत नाही. म्हणून कमी थंडीवर भागणाऱ्या, आपल्या कामाच्या जाती तीन. ॲना ही इस्राएलमधल्या ऐन शेमेर किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर, अब्बा स्टाइन यांनी १९५० च्या दशकात तयार केली. डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवर सापडली. एचआरएमएन-९९ ही हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्याच्या हरिमन शर्मांची. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

या तिन्ही जाती असताना संकर कशाला? तर पावसासाठी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पानं ओलीच असतात. श्रावणात पानांवर डाग पडतात आणि भाद्रपदापर्यंत झाड अर्धं उघडं होतं. थंडीचा प्रश्न त्या जातींनी बराचसा सोडवलाय, बेळगाव-खानापूरच्या पावसाचा कुणी सोडवलेला नाही. तो सुटला तर इथल्याच मातीत उगवलेल्या, इथल्याच पावसात भिजलेल्या रोपातून सुटेल, असं मला मनापासून वाटतं.

पानं काढणं

इथं झाड आपण होऊन पूर्ण झोपत नाही, त्याला झोपवावं लागतं. यळ्ळूरच्या शिवारात भात कापून मसूर पेरला की मी झाडांचं पाणी तोडतो. डिसेंबरात सगळी पानं हातानं काढायची, ओरबाडायची नाहीत. देठ धरून फांदीच्या टोकाकडं ढकललं की पान सुटतं आणि बगलेतला डोळा शाबूत राहतो. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बातू गावी सफरचंदाच्या बागा अशाच पानं काढून फुलवतात. मग पाणी सुरू करायचं. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात.

बापाच्या झाडाची पानं आईच्या आठवडाभर आधी काढा. म्हणजे आईच्या कळ्या तयार होईपर्यंत पराग डबीत आलेले असतात.

पराग

बापाच्या झाडावरच्या गुलाबी, टम्म फुगलेल्या, पण न उमललेल्या कळ्या खुडा. उमललेलं फूल घेऊ नका. मधमाशी त्यावर बसून गेली असेल तर दुसऱ्या झाडाचे पराग त्यात आलेच. पाकळ्या सोलून आतले परागकोश चिमट्यानं किंवा बारीक फणीनं गुळगुळीत कागदावर पाडा. एका कळीत वीसच्या आसपास पुंकेसर असतात. कागद घरात सावलीत, पंख्यापासून लांब, दीड-दोन दिवस ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको, उष्णतेनं पराग मरतात. परागकोश फुटले की कागदावर मोहरीच्या पुडीसारखी पिवळी धूळ दिसते. भिंगातून पाहिलं तर फुटलेला परागकोश उलटा वळून चुरगळलेला असतो आणि धूळ त्याच्या कडांना चिकटलेली असते. हे सगळं काचेच्या छोट्या डबीत भरा, औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी टाका, वर जात आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. असे पराग काही आठवडे टिकतात, बर्फाच्या कप्प्यात वर्षभरही. त्यामुळं हिमाचलात एप्रिलमध्ये फुलणाऱ्या झाडाचे पराग कुणी पाठवले तर पुढच्या जानेवारीत इथं वापरता येतात. मात्र डबी बाहेर काढली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. नाहीतर आत दव धरतं आणि पराग वाया जातात.

बाप निवडताना एक पाहा. जोनागोल्ड, ग्रॅव्हनस्टाइन यांसारख्या जातींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यांचे पराग बहुतेक निकामी, त्या बाप म्हणून चालत नाहीत.

कळी मोकळी करणं

सगळं कसब इथं आहे. सफरचंदाला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत, पण ॲनासारखी जात उष्ण हवेत थोडंफार स्वतःवरही फळ धरते. म्हणून आईच्या फुलातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि तेही कळी उमलण्याआधी.

एका आखूड फांदीवर पाच-सहा कळ्यांचा झुबका येतो. मधली कळी सगळ्यांत आधी फुगते आणि तिचं फळही दमदार होतं. ती आणि बाजूची एक ठेवा, बाकीच्या कापून टाका. आता कळी अंगठा आणि तर्जनीत अलगद धरा. देठाच्या वर हिरवा फुगवटा असतो, तो बीजांडकोश, पुढं त्याचंच फळ होणार. त्याला धक्का लागू नये. त्याच्या वरच्या काठावर, निदल (पाकळ्यांखालची पाच हिरवी पानं) जिथून फुटतात त्याच्या लगेच खाली, चिमट्याचं टोक टेकवून गोल फिरवत हलकी चीर द्या. चीर पूर्ण झाली की वरचा भाग निदल, पाकळ्या आणि पुंकेसरांसकट कड्यासारखा निघून येतो. मधे पाच हिरवट दांडे उरतात, बुडाशी जुळलेले, टोकाला पसरट. त्यांची टोकं म्हणजे कुक्षी. बाजूला एकही पिवळा दाणा दिसता कामा नये. भिंग लावून बघा.

या पद्धतीचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. नेहमीच्या सफरचंदाच्या बुडाशी खळग्यात सुकलेली पाच पानं दिसतात, ते निदल. आपण ते कळीतच काढलेले असतात, म्हणून संकराच्या फळाला ती पानं नसतात. चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, पावसात विरघळली, तरी फळ उलटं करून पाहिलं की ते आपल्या हातचं आहे का हे कळतं.

पराग लावणं

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान लावा. दुपारचं जानेवारीचं ऊन आपल्याकडं कोरडं असतं, कुक्षी वाळतात. कुक्षी भिंगाखाली ओलसर चकाकत असली की तयार समजा. कळी मोकळी केल्याच दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पराग लावावेत. कुंचल्याचं टोक डबीत बुडवून पाचही कुक्षींना टेकवायचं. पाचही, कारण त्या वेगवेगळ्या कप्प्यांकडं जातात. सफरचंदात पाच कप्पे, प्रत्येकात बहुधा दोन बिया, म्हणजे दहा. दोनच कुक्षींना पराग लागले तर बिया कमी धरू शकतात, आणि फळ एका बाजूनं बसकं होऊ शकतं. दुसऱ्या बापाकडं वळताना कुंचला स्पिरिटनं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. स्पिरिटचा ओलावा परागांना मारतो. मी प्रत्येक बापाला वेगळा कुंचलाच ठेवतो.

पाकळ्या नसल्यानं मधमाशी फारशी येत नाही. तरी शेजारी फुललेलं झाड असेल तर बटर पेपरची पिशवी आठवडाभर बांधा. प्लास्टिक नको, आत फूल उकडतं. फांदीला दागिन्यांना लावतो ती दोऱ्याची चिठ्ठी बांधा, पेन्सिलनं लिहा. शाई उडते, पेन्सिल राहते.

दोन-तीन आठवड्यांत न धरलेली फुलं गळतात, पुढं काही कोवळी फळंही. झाड आपल्याला पेलेल तेवढंच ठेवतं, घाबरू नका.

बी आणि रोप

फळ मे-जूनमध्ये पिकतं. पाहायला येणाऱ्यांची इथं निराशा होते, कारण फळ हुबेहूब आईसारखंच असतं. गर आईचा असतो, संकर फक्त बियांत असतो. म्हणून पिकलेलं फळ मुलांच्या हाती देण्याआधी बिया काढून घ्या. पूर्ण तपकिरी, भरलेल्या बिया ठेवा, चिपाड टाकून द्या.

बिया धुऊन ओलसर, पण पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये घालून डबीत भरा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दोन-अडीच महिने तिथं राहू द्या. झाडाला थंडी कमी लागली तरी बीला ही झोप लागतेच. आठवड्याला उघडून बुरशी बघा. गणपतीच्या आसपास पांढरं मूळ डोकावतं, पावसाचा जोरही ओसरलेला असतो. मग पिशवीत तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू घालून बोटाच्या एका पेरावर बी लावा. खारीपासून जाळी लावून जपा.

प्रत्येक रोप वेगळं निघतं, सख्ख्या भावंडांतही. प्रत्येकाला नंबर द्या. निवड लगेच सुरू करू नका, पुढचे दोन पावसाळे बघा. कोणाची पानं सप्टेंबरपर्यंत हिरवी राहिली, कोणावर डाग आले, कोण डिसेंबरात पानं काढल्यावर लवकर फुटलं, हे वहीत लिहा. पावसात उघडं पडणारं रोप कितीही जोमदार दिसलं तरी मी काढून टाकतो, आमचा शोध त्यासाठीच आहे.

बीपासून फुलापर्यंत पाच-सहा वर्षं, कधी जास्तही. रोपाचा शेंडा सारखा छाटू नका, त्यानं फुलणं आणखी लांबतं. थोडं लवकर फळ हवं असेल तर एम-९ सारख्या बुटक्या खुंटावर रोपाची काडी कलम करा. जपानमध्ये फुजीचा संकर १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि ती १९६२ मध्ये बाजारात आली, आणि ते तर संशोधन केंद्र होतं. आपल्याला बाजार गाठायचा नाही, पण वेळेचा अंदाज असावा.

पानं टिकवणारं एखादं रोप सापडलं, तर फळ यायची वाट न पाहता त्याच्या दोन काड्या काढून दोन कलमं बांधा. एक आपल्याकडं ठेवा, दुसरं खानापूरला किंवा निपाणीला कुणा पाहुण्याच्या परड्यात द्या. खानापुरात पाऊस आपल्याहून जास्त, निपाणीला कमी. तेच रोप दोन्हीकडं कसं वागतं हे तिथली माणसं सांगतील, आणि एका परड्यात मूळकूज लागली तरी जात हातची जाणार नाही.