विद्यापीठाचा जलतरण संघ बांधायचा असेल तर

निवड चाचणीत पुढे आलेली पोरं घेतली, ट्रॅकसूट वाटले की संघ झाला, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. नागपुरात कॉलेजच्या मुलामुलींना पोहणं शिकवताना माझं मत उलट पक्कं होत गेलं. संघ रोजच्या सरावात, लेनमध्ये तयार होतो. म्हणून कोचने आधी लेन नीट लावाव्यात.

लेन मैत्रीवर किंवा कॉलेजवर लावू नका, वेगावर लावा. प्रत्येकाकडून 400 मीटर फ्रीस्टाइल जोर लावून पोहून घ्या, भरपूर विश्रांती द्या, मग 200 मीटर. दोन्ही वेळा सेकंदांत लिहा. मोठीतून छोटी वजा करा आणि दोनाने भागा. समजा एखादीने 400 ला 5 मिनिटं 20 सेकंद घेतले आणि 200 ला अडीच मिनिटं, तर 320 वजा 150 म्हणजे 170, त्याचे निम्मे 85. दर 100 मीटरला 1 मिनिट 25 सेकंद हा तिचा टिकणारा वेग. तीन-चार सेकंदांच्या फरकातली पोरं एका लेनमध्ये टाका आणि त्याच वेगाने दहा वेळा 100 मीटर करून घ्या, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबून. पहिलं 100 सुसाट मारून शेवटी ढेपाळणारे पोट्टे दर वर्षी भेटतातच. त्यांना रागावू नका, वहीतले आकडे समोर ठेवा. दीड-दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्या.

पण माझा खरा जीव भिंतीवर आहे. 25 मीटरच्या तलावात 100 मीटरला तीन वळणं येतात, 50 मीटरच्या तलावात एकच. दमलेलं पोर सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवतं. काठावर वाकून बघा. पाय भिंतीला लागले तेव्हा हात डोक्यापुढे एकावर एक आले होते का? दंड कानाला चिकटले का? बहुतेकांचं डोकं आधी वर येतं आणि भिंतीने दिलेला सगळा वेग तिथेच मरतो. वळणानंतर पहिल्या हाताला श्वास घेऊ देऊ नका. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला भिंतीपासून 15 मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं, असा नियम आहे. आपल्या पोरांना मात्र आधी 7-8 मीटर तरी पाण्याखालून नीट जाता आलं पाहिजे. त्यासाठी लेनच्या दोरीला रंगीत फीत बांधा. श्वास कोंडून कोण किती लांब जातो अशी पैज मात्र अजिबात लावू देऊ नका, त्यात पोर पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतं.

या बारकाव्यांची किंमत बघायची असेल तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाकडे बघा. प्रशिक्षक टॉड डिसोर्बो यांच्या हाताखाली तिथल्या मुलींनी 2021 ते 2025 सलग पाच वर्षं एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेज-विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं. रामानुजन यांच्या गणितावर काम केलेले केन ओनो तेव्हा तिथेच प्राध्यापक होते. त्यांनी पोहणाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून हालचाली मोजल्या. त्या संघातली केट डग्लस स्वतः संख्याशास्त्र शिकली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकली. सेन्सर नसले तर आपल्यासाठी मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. बाजूने चित्रण करा आणि तुमच्याच कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवा. सर लोक आवडीने वेळ देतात.

आता रिले. पोहत येणाऱ्याचा हात भिंतीला लागायच्या आत काठावर थांबलेल्याचे पाय उडीच्या ब्लॉकवरून सुटले की अख्खा संघ बाद. हा सराव आठवड्यातून दोनदा हवा, तोही दमल्यावर. परीक्षेच्या तारखा पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घ्या. पेपरच्या आठवड्यात अंतर कमी करा, सराव बंद नको.

आपल्याकडे दिवाळीनंतर पहाटेचं उघड्या तलावाचं पाणी चांगलंच गार असतं. काठावर अंग गरम करूनच पाण्यात उतरवा आणि सरावानंतर ओल्या केसांनी गाडीवर बसू देऊ नका. तर्री पोहे सरावानंतर खाऊ द्या, आधी नको.

स्पर्धेच्या आधी आठ-दहा दिवस अंतर निम्म्यावर आणा, पण थोडं तरी शर्यतीच्या वेगाने पोहून घ्या. ओळखपत्रं, गुणपत्रिका आणि पात्रतेचे कागद एकाच फाइलमध्ये, ती फाइल कॅप्टनकडे. प्रत्येकाच्या पिशवीत दोन गॉगल, आणि नवा गॉगल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही.